श्रीधरअण्णांची जुनी किल्ली

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि ते थापा मारणाऱ्यातले नाहीत. उलट फार बोलतच नाहीत. हे सांगतानासुद्धा दोनदा उठून पाणी प्यायले.

जागा, बेंगळुरूमधलं बनशंकरी. दिवस खंडेनवमीचा, म्हणजे इथली आयुधपूजा.

आणि वेळ भर दुपारची. रात्र नव्हे.

जयसिंगमामांच्या घराला लागून एक शेड आहे. तीन बाजूंना भिंती, पुढे लोखंडी शटर. त्यात श्रीधरअण्णांची जुनी व्हॅन उभी असायची. अण्णा म्हणजे मामांचे थोरले भाऊ. त्याच वर्षी उन्हाळ्यात आजारपणात गेले. जीव होता त्यांचा त्या गाडीवर. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

तशी ती दुसऱ्या कुणाचं ऐकायचीही नाही.

तिचं इग्निशन लॉक पार झिजलं होतं. गाडी चालू असताना किल्ली हातात यायची, आणि बंद करायला जावं तर फिरायची नाही. अण्णांची एक युक्ती होती. बोटातली अंगठी स्टिअरिंगवर तीनदा वाजवायची... टिक, टिक, टिक. मग किल्ली किंचित बाहेर ओढून मागे फिरवायची. गाडी गुपचूप बंद.

आता दुकानाचा माल आणायला मामांना ती गाडी हवी होती. म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी त्यांनी मेकॅनिक मोहनकुमारला बोलावलं. त्यानं जुनं लॉक काढलं, नवा स्विच आणि नवं लॉक बसवलं. नव्या किल्लीनं गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, बंदही झाली.

जुनं लॉक किल्लीसकट मामांच्या हातात देत तो म्हणाला, "हे टाकून द्या सर. नुसतं लोखंड आहे आता. एक वायर नाही त्याला."

मामांना ते टाकवेना. अण्णांचा हात लागलेली वस्तू.

दुसऱ्या दिवशी मामींनी, कौशल्यामामींनी, शेडमध्ये कोपऱ्यात पाट मांडला. त्यावर पाने, पक्कड, हातोडी. मध्यभागी मामांनी ते जुनं लॉक ठेवलं. हळद, कुंकू, झेंडू, सगळं त्याला. गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली. सगळ्यांचे मोबाइल आत देवघरात, कारण त्यांचीही पूजा.

"अहो, नव्या किल्लीला कुंकू?" मामींनी विचारलं.

"जरा घाई आहे गं. राहू दे," मामा म्हणाले.

नवी किल्ली त्यांच्या खिशातच राहिली.

आरती झाली. गल्लीत कोहळा फोडायला मामी बाहेर गेल्या. आता मामांनी गाडी लिंबांवरून बाहेर काढायची होती.

ते आत बसले. नवी किल्ली लावली, फिरवली.

काहीच नाही.

पुन्हा फिरवली. शांत. वैतागून त्यांनी किल्ली काढून हातात घेतली.

तेवढ्यात... समोर शटर खर्रकन खाली आलं.

मामांना वाटलं, स्प्रिंग सुटली असेल. ते उतरणार, इतक्यात...

टिक.

टिक.

टिक.

त्यांच्या अगदी समोर, स्टिअरिंगवर. मामांच्या बोटात अंगठी नाही. कधीच नव्हती.

मग कोपऱ्यातून आवाज आला. कट...

आणि इंजिन सुरू झालं.

नवी किल्ली मामांच्या मुठीत होती!

ते उडी मारून उतरले, शटरला भिडले. शटर तसूभरही हलेना. खिडकी नाही, झरोका नाही. मागच्या भिंतीवर आदळून धूर परत शेडमध्ये पसरत होता. त्यांनी शटर बडवलं, बोंब मारली. मग गाडीत हात घालून हॉर्न दाबून धरला.

पण त्या दुपारी कोण ऐकणार? पूजा आटोपून गल्लीतली प्रत्येक रिक्षा, प्रत्येक स्कूटर हॉर्न वाजवत निघाली होती. त्यात एक हॉर्न मामांचा.

डोळ्यांत पाणी, घशात आग. मोबाइल देवघरात. त्यांनी पूजेतला पाना उचलला, सीटखालच्या बॅटरीची वायर काढून फेकली.

गाडी चालूच.

डोकं गरगरायला लागलं. मामा पाटाजवळ गुडघ्यांवर कोसळले. तेव्हा त्यांना दिसलं...

झेंडूच्या फुलांत ठेवलेल्या त्या लॉकमधली किल्ली फिरलेली होती.

त्यांनी ती मागे फिरवायला जोर लावला. फिरेना. कुणीतरी पलीकडून घट्ट धरल्यासारखी वाटली.

मामांना रडू फुटलं. त्यांनी नखानं पाटावर वाजवलं. टिक, टिक, टिक.

"अण्णा, गाडी तुमचीच आहे. मला जाऊ द्या."

किल्ली किंचित ओढली, फिरवली.

इंजिन थांबलं.

थोड्या वेळानं शटर वर गेलं. बाहेर मामी, हातात प्रसादाचं ताट. शटर त्यांनी एका हातानं उचललं होतं.

"मघाशी उघडत का नव्हतीस?" मामा कसेबसे म्हणाले.

मामी गोंधळल्या. "मी आले होते की! हाक मारली, तर तुम्हीच आतून म्हणालात, थांब, गाडी मी काढतो. आवाज बसला होता तुमचा. अगदी..."

त्यांची नजर पाटावरच्या जुन्या लॉकवर गेली.

ती व्हॅन आनेकलच्या एका भंगारवाल्यानं नेऊन तोडली. मामांनी समोर उभं राहून तोडून घेतली. मग शेडचं शटरसुद्धा काढून टाकलं.

लॉक मात्र टाकायची हिंमत होत नाही. टाकलं, आणि ती किल्ली आपल्या हाताबाहेर कुठेतरी फिरली तर? म्हणून ते किल्लीसकट मामांच्या उशाशी असतं.

कधीतरी रिकाम्या शेडमधून टिक टिक ऐकू येतं. धुराचा वास येतो. मामा उठून बघतात, तर किल्ली फिरलेली असते.

ते नखानं तीनदा वाजवतात, किंचित ओढतात, मागे फिरवतात.

अजून तरी फिरते.