गुरुवारचा मार

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. चामराजपेटेतल्या सुलभाला आईच्या डाव्या डोळ्याखाली पिवळट डाग दिसला तो रविवारी, वेणी घालताना. कावेरीबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. विचारल्याशिवाय काही सांगायच्या नाहीत, विचारलं तरी अर्धंच. "गुरुवारी पडले गं. दत्ताच्या देवळाच्या पायरीवर," एवढंच म्हणाल्या. गुरुवारी सुलभा टेलिफोन ऑफिसात होती. म्हातारी एकटीच देवळात गेली आणि मार लपवून बसली, असं तिने धरलं. तिला भयंकर राग आला, तोही स्वतःचाच.

गल्लीतले डॉक्टर म्हणाले, पिवळा पडलाय म्हणजे मार जुना, उतरत आलाय. गरम शेक द्या.

सोमवारी डाग हिरवा झाला. मंगळवारी जांभळा. दुखणं हत्तीच्या पायांनी येतं नि मुंगीच्या पायांनी जातं म्हणतात. हे मेलं मुंगीच्या पायांनी येत होतं. बरा होत आलेला डोळा आपणच शेकून पेटवला, या विचाराने सुलभाला जेवण जाईना. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, ओकारी, चक्कर, डोकेदुखी, सगळं विचारलं. काहीच नव्हतं. आता बर्फ लावा, म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता हात धुवायला उठले.

बुधवारी डोळा लालभडक सुजून मिटला. सुलभाने रजा टाकली. आईशिवाय तिला होतं कोण? उशाला दोन उशा दिल्या, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं धरला.

"फार ठणकतंय का?"

"अजून नाही गं," आई म्हणाली.

गुरुवारी सकाळी डोळा लख्ख. सूज नाही, डाग नाही. सुलभा हसली, रडली. आईला इरकल नेसवलं, नारळ घेतला, ऑटो केली. देवाने एवढं केलं, मग त्याच्या पाया पडायला उशीर कशाला?

देवळाच्या पायरीशी पुजारी नरसिंहभट उभे होते.

"या अक्का. गेल्या गुरुवारी आला नाहीत. बरं नव्हतं काय?"

सुलभाने आईचा दंड घट्ट धरला.

धरलेलाच होता. तरी आई पडली. डावी बाजू दगडावर.

सुलभाने रसाच्या गाड्यावरून बर्फ आणला, पदरात गुंडाळून डोळ्यावर धरला. दहा मिनिटं. आणखी दहा. कुणीतरी डॉक्टरांना आणलं. त्यांनी मनगट धरलं, सोडलं, आणि सुलभाला हात काढायला सांगितलं.

तिने बर्फ बाजूला करून पाहिलं. कातडी कोरी होती. आता तिथे काही उमटणार नव्हतं.