'होती'च्या जागी 'आहे'

खोटं वाटेल, पण जसं घडलं तसं सांगते. २००४ सालच्या ऑगस्टमधली शनिवारची दुपार. इथे परदेशात, शुगर लँड गावी, ओळखीच्या शैलजाकाकूंकडे कॉम्प्युटरचं किरकोळ काम होतं, म्हणून गेले होते. मोरेश्वरकाका गेल्यापासून काकू त्या मोठ्या घरात एकट्याच राहत. नातवंडांसाठी घराण्याचा इतिहास छापायचा, म्हणून त्यांनी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. माणसांची माहिती भरली की ते आपणहून वाक्यं तयार करायचं, पण इंग्रजीत. वाक्यांचे साचे बदलून ती मराठीत आणायची, एवढंच माझं काम.

'अमुक यांचा जन्म अमुक गावी झाला', असे साचे भराभर होत गेले. बाहेर अंग चिकट करणारा उकाडा, आत एसीची घरघर. मग एक नोंद आली. तिला नावच नव्हतं. नावाच्या जागी नुसती रेघ.

काकूंनी हळू आवाजात सांगितलं. त्यांची पहिली मुलगी, नागपूरला झालेली. बारशाआधीच गेली. पुढे घरात कुणी तिचा विषयच काढला नाही. ती रेघ त्यांना बघवत नव्हती.

मी तिच्यापुरता वेगळा साचा लिहिला, 'ही शैलजा आणि मोरेश्वर यांची पहिली मुलगी होती.' पान उघडलं, तर 'पहिली मुलगी आहे.' माझीच चूक असेल म्हणून दुरुस्त केलं. पुन्हा 'आहे'. मृत्यूची तारीख भरलेली होती. साच्यातही 'होती'च होतं. पानावर मात्र...

तेवढ्यात एसी बंद पडला. घर एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत धुरीचा वास आला. ओवा, शेपा, निखारे... बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा.

"काकू, काही जळतंय का?"

त्यांची नजर स्क्रीनवरच होती.

"मी ठरवलं होतं गं नाव," त्या म्हणाल्या. "यांनाही कधी सांगितलं नाही... देवयानी."

आतल्या खोलीत काहीतरी कुरकुरलं. झोपमोड झालेलं तान्हं कुरकुरतं तसं, अगदी बारीक... काकू लगबगीने उठल्या, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मला पळून जावंसं वाटत होतं, पण त्यांना तसंच टाकून पाय निघेना. आतून त्यांचं गुणगुणणं ऐकू येत राहिलं. शेवटी मी रेघेच्या जागी 'देवयानी' टाइप केलं. 'आहे' तसंच राहू दिलं.

बऱ्याच वेळाने गुणगुणणं थांबलं. एसी पुन्हा सुरू झाला. काकू बाहेर आल्या तेव्हा डोळे रडून लाल झालेले, पण चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता.

"झोपली," एवढंच म्हणाल्या, आणि चहा टाकायला वळल्या.

त्यांची साडी डाव्या खांद्यावर ओली होती. तिथून पाठीवर एक पांढरट ओघळ उतरला होता... तान्ह्याने गुळणी टाकलेल्या आंबूस दुधाचा.