सी ड्राइव्ह कुणी भरला?

"कॉम्प्युटर मेला, वहिनी. आणि मारलात तुम्ही."

ती स्टुडिओत पाऊल टाकते न टाकते तोच दिराने सुनावलं. पडद्यावर ठिपक्यांचं चक्र नुसतं गरगरत होतं. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. अंधांसाठी बोलकी पुस्तकं करणारा हा स्टुडिओ त्यांच्या मालकीचा. थोरला मुलगा गेल्यापासून ध्वनिमुद्रणं सून बघायची, बाकीचा कारभार धाकटा.

"डिस्क ठासून भरलीय," दीर म्हणाला. "सिनेमे उतरवले असणार. नाहीतरी दुसरीकडे नोकरी शोधताय, इथलं काय पडलंय तुम्हाला? सगळं पुसून विंडोज नव्याने टाकतो."

"हात लावायचा नाही. आत मी मुद्रित केलेलं अख्खं पुस्तक आहे. आळ माझ्यावर आहे ना? मग शोधही मीच घेणार."

"घेऊ दे तिला," सासूबाई म्हणाल्या.

तिने कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर, सुरू केला. तो मुकाट्याने सुरू झाला. म्हणजे यंत्र धडधाकट होतं. सुरुवातीला आपोआप चालू होणारं काहीतरी त्याला अडवत होतं.

सी ड्राइव्हची, म्हणजे मुख्य डिस्कची, जागा दाखवणारी पट्टी लाल झाली होती. पण दिसणारे सगळे फोल्डर मिळून निम्मी डिस्कही भरेना. तिने लपवलेल्या फाइली उघड केल्या. एक अनोळखी फोल्डर पुढे आला, व्हिडिओंनी गच्च.

"हेच ते सिनेमे," दीर घाईने म्हणाला. "पुसा."

"न बघताच?"

तिने एक उघडला. त्यात तिच्याच कामाचा पडदा टिपलेला होता. ती मेल लिहीत होती, शब्द न् शब्द दिसत होता.

"भावजी, नवा प्रोग्राम टाकायचा पासवर्ड कुणाकडे असतो?"

"माझ्याकडे. मग?"

"मी नोकरी शोधतेय, हे कुणी सांगितलं?"

"कळलं असंच."

"मी आईंनाही बोलले नव्हते. एकच मेल लिहिली. ही, इथूनच."

ती सासूबाईंकडे वळली.

"आई, माझ्यावर पाळत ठेवायला यांनी चोरून पडदा टिपणारा प्रोग्राम बसवला. व्हिडिओ साठत गेले, विंडोजला हलायला जागा उरली नाही. त्यात कॉम्प्युटर सुरू झाला की हा प्रोग्राम आधी चालू होतो आणि जागेसाठी अडून बसतो. पुसायची घाई होती ती हे लपवायला."

"स्टुडिओच्या काळजीपोटी केलं," दीर म्हणाला. "घरातलं घरातच मिटवू, वहिनी."

"मिटवणार नाही."

तिने सगळे व्हिडिओ पुरावा म्हणून वेगळ्या डिस्कवर घेतले, मग इथले काढून टाकले. तो प्रोग्राम बंद करायला गेली, तर पडद्याने पासवर्ड मागितला.

"सांग तिला," सासूबाई धाकट्याला म्हणाल्या.

"आई, अगं..."

"सांग."

"मी जाणार होते, भावजी," ती म्हणाली. "आता तुमच्या भीतीने तर मुळीच जाणार नाही."

दिराने पासवर्ड पुटपुटला. तिने प्रोग्राम उडवला, आणि पासवर्डही त्याच्यादेखत बदलला.