ठिणगीचा पेन ड्राइव्ह

"आधी त्या खुर्चीतून उठा!"

पहिल्याच भेटीत अनोळखी पुरुषाशी असं बोलतं का कुणी? पण ठिणगी बोलली. सुट्टीच्या दिवशी, पावसात भिजत ती मावशीचा हळू झालेला कॉम्प्युटर बघायला आली, तर कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत हा उंच, शांत, मालिशच्या तेलाचा वास येणारा प्राणी! मावशीच्या गुडघ्याला व्यायाम द्यायला येणारा फिजिओ. आपल्या लॅपटॉपवरून व्यायामाचे व्हिडिओ मावशीच्या कॉम्प्युटरवर टाकत होता म्हणे.

"तुमच्या लॅपटॉपमध्ये काय काय रोगराई असेल... आधी तोच तपासते," असं म्हणत तिने स्वतःचा पेन ड्राइव्ह त्यात खुपसला. लॅपटॉप लगेच कोकलला आणि पडद्यावर व्हायरसची सूचना झळकली.

"बघा! आजारी आहे तुमचा!" तिने पेन ड्राइव्ह उपटला.

"अहो, पण काय लिहिलंय ते तरी वाचू—"

"मला शिकवू नका!"

"बरं, नाही शिकवत," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्याने तिचं डोकं आणखीच फिरलं.

तिचं डोकं फिरायला कारणंही काही कमी नव्हती. नात्यात कुणाचाही कॉम्प्युटर आजारी पडला की बोलवा ठिणगीला. मामाने 'तुम्हाला बक्षिसात गाडी लागली आहे' वर टिचकी मारायची, आत्याने फुकटची गाणी उतरवायची, आणि निस्तरायचं हिने. तोच एक पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून ती घरोघर फिरायची. आणि वर ऐकून काय घ्यायचं? "तू मागे हात लावलास ना, तेव्हापासूनच बिघडलाय बघ!" असं कुणी म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मावशीचा कॉम्प्युटरही त्यानंतर बिघडतच गेला. ती पुन्हा आली, साफ करून गेली, पुन्हा फिजिओशी भांडली. आणि आज तर मावशी रडवेलीच झाली होती.

"अगं, काकांचा आवाज लागत नाहीये."

काकांनी नवा माइक तपासताना दोन शब्द बोलून ठेवले होते. ते गेल्यापासून मावशीचा सकाळचा चहा त्या आवाजाशिवाय होत नसे. त्यांचा दुसरा आवाज कुठेच नव्हता.

"हा म्हणतो, माझ्याच व्हिडिओंमुळे झालं असेल," मावशीने गुडघा दाबत सांगितलं. "बिचारा."

"बिचारा?" ठिणगी फिजिओकडे वळली. "लाज नाही वाटत? निदान आज तरी यायचं नाही!"

"गुडघ्याला आज सुट्टी नाही हो," तो मावशीच्या पायाखाली उशी सरकवत म्हणाला. आज मात्र तो हसला नाही.

ती तणतणत कामाला लागली. फोटो, आवाज, सगळं आपल्या पेन ड्राइव्हवर कॉपी करायचं आणि मग कॉम्प्युटर साफ पुसून नव्याने उभा करायचा. कॉपी झाली. तिचं बोट शेवटच्या बटणावर गेलं... आणि त्याचा हात तिच्या हातावर पडला.

"थांबा."

"हात काढा!"

"काढतो. पण इतक्या वर्षांचे फोटो, आणि कॉपी डोळ्याचं पातं लवायच्या आत झाली?"

तिने पेन ड्राइव्ह उघडून पाहिला. नावं सगळी होती, आत काहीच नव्हतं. खरे फोल्डर व्हायरसने लपवले होते आणि त्यांच्या जागी नुसत्या पाट्या लावल्या होत्या. तिने पाट्याच उचलल्या होत्या! हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण रागात बघतंय कोण? ते बटण दाबलं असतं तर... तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने लपलेलं सगळं उघड केलं. काका सापडले.

घाबरलेली ठिणगी रागावलेल्या ठिणगीपेक्षा जास्त भांडते. "हे सगळं तुमच्यामुळे! आणा तो लॅपटॉप, दाखवते मावशीला!"

"नको... राहू द्या ना."

"का? घाबरलात?"

तिने लॅपटॉप ओढून पहिल्या दिवसाची ती सूचना शोधून काढली. व्हायरस पकडला होता खरा, पण लॅपटॉपमध्ये नाही. बाहेरून लावलेल्या पेन ड्राइव्हमध्ये. त्याचं नाव समोर लिहिलेलं होतं – 'ठिणगी'.

मामा, आत्या, मैत्रिणी... घरोघरी तीच रोग पोचवत फिरली होती.

"तुम्हाला माहीत होतं?" तिचा आवाज चिरकला.

"त्या दिवशी घरी जाऊन वाचलं."

"मग स्वतःवर का घेतलंत?"

"गुडघा वाकवताना मावशी कळ विसरायला तुमचंच कौतुक सांगतात. ते कसं मोडायचं? आणि..." तो अडखळला. "कॉम्प्युटर बरा झाला असता, तर तुम्ही आला असतात का परत?"

"अहो, काकांचा आवाज गेला असता!"

"हो. चुकलंच माझं," तो खाली मान घालून म्हणाला. "आज तुम्हाला बाजूला घेऊन खरं सांगायचं ठरवूनच आलो होतो."

ती ताडकन उठून मावशीसमोर उभी राहिली. "मावशी, यांनी काही केलेलं नाही. मी केलं. मामाकडे, आत्याकडेही मीच. आता सगळ्यांकडे जाऊन माफी मागायची आणि सगळं साफ करायचं."

"मग याला ने सोबत," मावशी शांतपणे म्हणाली. "तुझ्याकडून पेन ड्राइव्ह काढून घ्यायला कुणीतरी हवंच."

ठिणगी रागाने लाल झाली. निदान तिला तरी तो रागच वाटला. ती फिजिओकडे वळली.

"राग येतो मला तुमचा. हसता तेव्हा येतो, गप्प बसता तेव्हा येतो, आणि... आणि तुम्ही समोर नसलात की सगळ्यात जास्त येतो!"

तेवढ्यात मावशीने माउस टिचकवला आणि काकांचा खरखरता आवाज खोलीभर पसरला – "हॅलो... हॅलो... येतंय का ऐकू?"

"येतंय," फिजिओ ठिणगीकडे बघत म्हणाला. "स्पष्ट येतंय."