प्रतिहृदय

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी इंदुमती खरमाटे पलंगाला टेकून स्वतःचे हृदय पाहत होत्या. छातीवर आठवडाभर लावलेल्या पट्टीने टिपलेल्या माहितीवरून संगणकाने ते पडद्यावर हुबेहूब उभे केले होते. सांगलीच्या त्या रुग्णालयात त्याला 'प्रतिहृदय' म्हणत.

बाईंनी शेकडो मुलींना कृष्णेत पोहायला शिकवले होते. आता खुब्याचा सांधा झिजला होता; तोच उद्या बदलायचा होता. पाऊल टाकणेही नकोसे झाले होते. पण त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत्या आणि नाडी जलद. भूलतज्ज्ञ डॉ. सुनेत्रा भोसेकर त्यामुळे काळजीत होत्या.

"नाडी आवरणारी गोळी असते ना, बीटा-ब्लॉकर? माझे भाऊ रोज घेतात. सकाळी द्या आणि उरकून टाका," बाई म्हणाल्या.

"त्यांच्या शरीराला तिची सवय आहे. त्यांना ती ऑपरेशनच्या दिवशीही बंद करून चालणार नाही. तुम्हाला ती नवी आहे. बघा."

सुनेत्रांनी सकाळच्या गोळीसह उद्याची शस्त्रक्रिया पडद्यावर चालवली. प्रतिहृदय शांत झाले, हृदयविकाराच्या झटक्याचा धोका उतरला. मग रक्तस्राव झाला, रक्तदाब घसरला आणि वेग वाढवून सावरणे त्या हृदयाला जमेना. मेंदूकडे जाणारी लाल धार बारीक होत गेली.

"हे काय झालं?"

"पक्षाघात. हृदय वाचलं, तुम्ही नाही."

बाईंनी पडद्यावरून नजर काढली. "दुसरा मार्ग?"

"अगदी थोड्या मात्रेनं सुरुवात करून हळूहळू वाढवायची. महिनाभर थांबावं लागेल."

"या दुखण्यात?"

"हो. मी रोज फोन करेन."

सुनेत्रांनी तो केला. एकदा बाई रडल्या, एकदा संतापून त्यांनी फोन ठेवला. तारीख हुकल्याने शल्यविशारदही वैतागले. सुनेत्रा ढळल्या नाहीत. बाईंना चक्कर आली तेव्हा मात्रा कमी केली, मग पुन्हा जपून वाढवली.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत अंदाजापेक्षा जास्त रक्त गेले. तरी रक्तदाब सावरला. दोन दिवसांनी बाई वॉकर धरून व्हरांड्यात चालत होत्या, सुनेत्रा शेजारून.

"पूर्वी अशी गोळी ऑपरेशनच्या सकाळी नव्यानंच द्यायचे?" बाईंनी विचारले.

"काही ठिकाणी. हृदय वाचावं म्हणूनच. नुकसान कळायला वेळ लागला."

बाई थांबल्या. "मग डॉक्टर, आज तुम्ही आमच्या भल्यासाठी जे करता, त्यातलं काय उद्या चुकीचं ठरेल?"