वरच्या मजल्यावरून ओ

तपासणीसाठी रक्त घ्यायला घरोघरी फिरून मला सतरा वर्षं झाली. शहरातला बोळ न् बोळ मला पाठ आहे, असा माझा समज होता. त्या सकाळी मात्र भर बाजारात, कापडाच्या दोन दुकानांमधल्या जेमतेम अंगाएवढ्या फटीतून आत शिरले आणि थबकलेच. आत अख्खी जुनी वस्ती होती. दगडी फरसबंदी, लाकडी सज्जे, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या पितळी कड्या. मागे हातगाड्यांचा एवढा गलका, पण दहा पावलांवर तो झाकण घातल्यासारखा बंद झाला. ओट्यांवर माणसं बसली होती. ती एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत होती.

शेवटच्या घराचं दार एका आजोबांनी उघडलं. आजी खाटेवर होत्या. घरात दोघंच. मी आजींच्या दंडाला पट्टा बांधला आणि नेहमीसारखं म्हटलं, "आजी, पूर्ण नाव सांगा."

त्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा पुटपुटले, "चिठ्ठीवर आहे की. इथं नाव मोठ्यानं घेत नाहीत, ताई."

"नियम आहे हो, आजोबा. नमुन्यांची अदलाबदल झाली तर माझी नोकरी जाईल."

आणि मी चिठ्ठीवरचं नाव खणखणीत वाचलं.

"ओ..."

वरच्या मजल्यावरून. आवाज आजींचाच. पण आजींचे ओठ मिटलेले होते, आणि माझ्या हातातला त्यांचा हात गार पडत चालला होता.

जिन्याची वरची पायरी करकरली. मग तिच्या खालची. वर्षानुवर्षं पेटीत कोंडलेल्या कपड्यांचा वास खाली उतरू लागला.

आजोबा जिन्याच्या दाराला पाठ टेकून उभे राहिले. "रक्त राहू द्या. निघा तुम्ही. मागून हाक आली तर... ओ देऊ नका."

मी पिशवी उचलून निघाले. ओट्यांवरची माणसं आवाज न करता दारं लावून घेत होती. फटीपाशी पोचले तेव्हा मागून माझं नाव आलं. माझ्या आईच्या आवाजात. आईला जाऊन नऊ वर्षं झालीत. मी ओठ दाताखाली धरला आणि बाजारात बाहेर पडले.

दोन दिवस जिवाला चैन नव्हतं. शेवटी त्या घरी फोन लावला. आजींनीच उचलला. आवाज तरतरीत.

"बरी आहे गं आता. चालते, फिरते."

"आजोबांना देता का?"

"ते वर असतात आता," त्या म्हणाल्या. "हाक मारू का?"