मावशीच्या मास्कमधला वास

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय.

मामा दातांचा डॉक्टर. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. उलट "सिगारेट कधीच सोडली" म्हणणाऱ्याला तो नुसतं "आ करा" म्हणतो आणि खोटं पकडतो. वासावरून.

तर रविवारची दुपार होती. टळटळीत ऊन. माझ्या मावशीचं, म्हणजे मामाच्या ताईचं, लाँड्रीच्या वर दोन खोल्यांचं घर.

मावशीचा जन्म गाद्यांच्या कारखान्यात गेला. कापसाची धूळ खाऊन खाऊन फुप्फुसं पार कामातून गेली. नुकतीच हॉस्पिटलमधून घरी आली होती. ती एकटी राहते, म्हणून मामा सोबतीला होता.

छातीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "यांना नुसता ऑक्सिजन देऊन भागणार नाही. आतला खराब वायू बाहेर पडत नाहीये. तो साठला की गुंगी येते, माणूस बरळतो, आणि झोपेतच जातो. हा मास्क लावा. मशीन हवा आत ढकलेल, खराब हवा बाहेर पडेल. मास्क चुकवायचा नाही."

मावशीने मास्क लावला... आणि ओरबाडून काढला.

"बारक्या, यात कुणाचं तरी तोंड आहे!"

"ताई, रबराचा वास असेल. नवीन आहे ना."

"रबर कळत नाही होय मला? कुणीतरी माझ्या तोंडात श्वास सोडतंय. शी!"

मामाने डॉक्टरांना फोन लावला. "वायू डोक्यात चढला की असे भास होतात," ते म्हणाले.

मामाने मास्क साबणाने धुतला. मग नवा आणला. नळी बदलली. मशीनवाल्याला फोन केला.

"साहेब, खोकं तुमच्यासमोर फोडलं की. कुणी वापरलेलंच नाही ते."

मावशी थकून कुशीवर वळली. डोळा लागला तिचा.

मामा मशीन घेऊन बाहेरच्या खोलीत बसला. मागच्या जाळीला नाक लावलं. काही नाही. मग मास्क नाकाशी नेला...

आणि झटकन लांब धरला.

सडलेली दाढ. हिरडीत साठलेला पू. शिळी तंबाखू. वरून उपाशी पोटाची आंबूस वाफ. असं तोंड मामाने आयुष्यात शेकडो वेळा हुंगलंय. नळीचा नाही, प्लास्टिकचा नाही. माणसाचा वास होता तो.

पहिला संशय मावशीवरच. पण मावशीच्या तोंडात एकही दात नाही. कवळी मामानेच बसवलेली. हिरड्या तान्ह्या मुलासारख्या स्वच्छ.

एकदाचा सोक्षमोक्ष लावू, म्हणून त्याने मास्क स्वतःच्या तोंडावर धरला.

कोमट हवा आली.

ओलसर...

मामाने श्वास रोखला. आपण श्वास ओढला तर मशीन ढकलते, एवढं त्याला ठाऊक होतं.

पण आता ढकलणं नव्हतंच. ओढणं होतं. पलीकडून कुणीतरी त्याच्या तोंडातली हवा ओढून घेत होतं. तहानलेल्यासारखं.

मग नळीतून खोकला आला. घट्ट, घरघरणारा. आणि मामाच्या ओठावर काहीतरी गरम, बुळबुळीत येऊन चिकटलं.

मास्क फेकून तो मोरीकडे धावला. भडाभडा ओकला. ओठ साबणाने घासला, रक्त येईपर्यंत. परत आला तेव्हा मास्कच्या आत पिवळट लाळेची तार लोंबत होती.

मशीनची स्क्रीन काळी होती.

त्याने बटण दाबलंच नव्हतं.

मशीन उचलून जिन्यात ठेवायचं त्याने ठरवलं. तेवढ्यात आतून घोरण्यासारखा आवाज आला. मावशी हाक मारूनही उठेना. ओठ निळे. बोटं निळी.

डॉक्टर फोनवर ओरडले, "अँब्युलन्स येईपर्यंत मास्क लावा! लगेच! नाहीतर हातातून जातील!"

मामाच्या हातात मास्क होता. नळाखाली घाईघाईने पुन्हा धुतलेला. तरी वास येत होताच.

तो तोंडाशी नेला तशी मावशीने डोळे किलकिले केले. मान हलवली. "नको रे... तो ओढून घेतो..."

"ताई, माझ्यासाठी. थोडाच वेळ."

त्याने पट्टे आवळले. बटण दाबलं. मावशीने त्याचं मनगट गच्च धरलं. नखं रुतली. मग पकड हळूहळू सैल झाली...

मामाला वाटलं, गेली.

पण छाती वर आली. खाली गेली. ओठांवर गुलाबी रंग परतला. अँब्युलन्स आली तोवर मावशी चक्क उशीला टेकून बसली होती. तपासून अँब्युलन्समधले डॉक्टर म्हणाले, "वेळेवर लावलात, म्हणून वाचल्या."

सकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर मावशीने स्वतःच मास्क बाजूला केला. हसली.

"उगाच घाबरवलं बघ तुला. आता वास येत नाही हं, बारक्या. जरासुद्धा नाही."

मामाला गहिवरून आलं. ताईला जवळ घ्यायला तो वाकला...

आणि तसाच थबकला.

आता तो वास मावशीच्या तोंडाला येत होता.

आज मावशी ठणठणीत आहे. मशीनची गरज राहिली नाही. जिने चढते. छातीचे डॉक्टर जुने आणि नवे एक्स-रे शेजारी धरून बघत राहतात. "अशी फुप्फुसं सुधारत नसतात," एवढंच म्हणतात.

मामा दर रविवारी जातो. खिडकीपाशी बसतो. जेवत मात्र नाही तिथे.

परवा मीही गेलो होतो. "किती वाळलास रे, ये इकडे," म्हणत मावशीने मला पोटाशी धरलं. माझी लाडकी मावशी. तिला कसं ढकलणार?

मी श्वास रोखून उभा राहिलो.

ती सोडेचना...

शेवटी मला श्वास घ्यावाच लागला.